बृहन्नडेची परीक्षा

विराटपर्वातील बृहन्नडेची कथा आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. अज्ञातवासाचे वर्ष काढण्यासाठी अर्जुन तृतीय प्रकृतीच्या वेषात विराटाच्या दरबारी येतो आणि राजकन्या उत्तरेस नृत्यगायन शिकविण्याचे काम मागतो. राजा प्रथम त्याची कला पाहतो. कला पसंत पडल्यावरही तो त्यास लगेच कन्यांच्या महालात धाडीत नाही. हा खरोखरच पुरुष नव्हे, याची खातरजमा करून घेतो आणि मगच कन्या त्याच्या स्वाधीन करतो. पुढे गोग्रहणाच्या प्रसंगी हीच बृहन्नडा राजपुत्र उत्तराची सारथी व्हावयाची असते, तेव्हा उत्तर आधी कचरतो. आणि कौरवसेना दृष्टीस पडताच रथातून उडी टाकून पळणाऱ्या त्या राजपुत्रास धरून आणून धीर देण्याचे काम तिलाच करावे लागते. शेवटी विजयाची वार्ता येते. विराट पुत्राची स्तुती आरंभतो. कंकाच्या वेषातील युधिष्ठिर म्हणतो की, बृहन्नडा सारथी असता जय व्हावयाचाच. एवढ्यावरून राजा संतापतो व हातातील फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो.

हे तीन प्रसंग एका ओळीत ठेवून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, शिकविणाऱ्याच्या स्त्रीत्व-पुरुषत्वाचा प्रश्न काही आजचा नव्हे. मुलगी कोणाच्या हाती सुरक्षित राहील, हा पहिला प्रश्न. मुलगा कोणाचा शब्द मानील, हा दुसरा. आणि यश आल्यावर त्याचे श्रेय कोणाच्या पदरी घालावयाचे, हा तिसरा. आज शाळा सुटल्यावर मुलामुलींना पोहण्याच्या, बॅडमिंटनच्या वा क्रिकेटच्या वर्गास घालण्याची चाल आमच्या मध्यमवर्गात चांगलीच रुळली आहे. नाव घालावयास गेलेले आईबाप फीची चौकशी उघडपणे करतात; शिकविणारे ‘सर’ आहेत की ‘मॅडम’ हे मात्र थोडे चाचरत विचारतात. त्या चाचरण्यात विराटाचे तिन्ही प्रश्न दडलेले असतात. त्यांचा विचार आम्ही येथे प्रथम आमच्या काळच्या कथांच्या आधारे करणार आहोत. कारण मैदानावरील गुरू कसा असावा याविषयीच्या आमच्या कल्पना मैदानावर फारशा बनत नाहीत, त्या आजकाल बव्हंशी चित्रपटगृहात बनतात.

अशा कथांत सर्वाधिक लोकप्रिय झालेल्या दोन म्हणजे २००७ सालचा ‘चक दे! इंडिया’ व २०१६ सालचा ‘दंगल’. दोन्ही चित्रपट मुलींच्या पराक्रमाचे आहेत, दोन्ही अभिरुचीस सोडून नाहीत आणि दोन्ही पाहून असंख्य घरांतील मुलींना खेळावयास मोकळीक मिळाली असेल, याविषयी आम्हांस शंका नाही. तेव्हा पुढील टीका त्यांचे हे ऋण मान्य करूनच केली आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

‘चक दे’मधील कबीर खान हा एकेकाळचा हॉकी कप्तान. पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात हातचा गोल हुकला म्हणून देशद्रोहाचा कलंक माथी घेऊन तो सात वर्षे अज्ञातवासात काढतो आणि मग कोणालाच नको असलेला मुलींचा संघ हाती घेतो. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, एकमेकींशी न पटणाऱ्या सोळा मुलींचा संघ कसा होतो, ही या कथेची मुख्य वस्तू. आणि ती जयदीप साहनी यांनी मोठ्या कौशल्याने रचली आहे. पुरुषांच्या संघाशी सामना लावून मुलींनी तो थोडक्यात हरणे आणि हरूनही मान मिळविणे हा प्रसंग तर फारच समजूतदारपणे लिहिला आहे. कारण मुलींना तेथे जिंकविले असते तर ती नुसती परीकथा झाली असती.

परंतु विराटाचा पहिला प्रश्न या चित्रपटात कसा येतो, ते पाहण्याजोगे आहे. संघातील बिंदिया नावाची ज्येष्ठ खेळाडू कप्तानपदाच्या लोभाने प्रशिक्षकाजवळ नको ती सलगी करू पाहते आणि कबीर खान तिला कठोरपणे दूर सारतो. त्याच्या चारित्र्याची कसोटी लागली आणि तो उतरला, असा या प्रसंगाचा अर्थ. आमचा आक्षेप येथे आहे. तरुण मुली आणि त्यांच्या भवितव्याची किल्ली हाती असलेला पुरुष यांच्या संबंधातील धोका लेखकास दिसला, ही गोष्ट चांगली झाली. पण त्याने तो धोका मुलीच्या बाजूने येताना दाखविला आणि त्याचे निवारण एका पुरुषाच्या सज्जनपणावर सोपविले. प्रत्यक्ष जगात सत्ता ज्याच्या हाती असते, धोकाही बहुधा त्याच्याच बाजूने येतो. संघाबरोबर कृष्णाजी नावाची एक प्रौढ स्त्रीही असते. तिच्या वाट्यास काय येते? थोडी शंका, थोडी धावपळ, आणि शेवटी कबीर खानाच्या थोरवीची कबुली. त्याच मैदानावर उभी असलेली ही बाई खेळाविषयी काय जाणते, हे विचारावयाचे कोणाच्या मनात येत नाही.

‘दंगल’ची गोष्ट निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. हरियाणातील बलाली गावचे महावीरसिंग फोगाट यांनी आपल्या मुलींना कुस्ती शिकविली, गीता फोगाट हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, हे सत्य आहे. आणि सत्यकथेतील गुरू पुरुष होता म्हणून चित्रपटकारास दोष देणे वेडेपणाचे होईल. शिवाय आपला नायक निर्दोष आहे असे हा चित्रपट म्हणत नाही. मुलींचे केस कापले जातात तेव्हा त्यांच्या डोळ्यांतील पाणी कॅमेऱ्याने चुकविलेले नाही. बापाच्या जाचाविरुद्ध त्या कुरकुरतात, तेव्हा त्यांना उत्तर देते ती चौदाव्या वर्षी बोहल्यावर चढलेली त्यांची मैत्रीण: तुमचा बाप निदान तुमचा काही विचार तरी करतो, असे तिचे म्हणणे. सबंध चित्रपटात आम्हांस हाच प्रसंग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटला. मुलीपुढे दोनच मार्ग आहेत, एका पुरुषाच्या हुकमाने चूल किंवा दुसऱ्या पुरुषाच्या हुकमाने आखाडा. यांतला दुसरा बरा, असे एक अजाण वधू सांगते आणि आपणही मान डोलावतो.

‘दंगल’मधील आईकडे पाहावे. मांस आपल्या स्वयंपाकघरात शिजू द्यावयाचे नाही, एवढीच तिची सत्ता. ती सत्ता कथेने थट्टेवारी नेली आहे. अकादमीतील प्रशिक्षक वाईट, घरचा बाप चांगला, असा जो झगडा उत्तरार्धात रंगतो तोही दोन पुरुषांचा. तथापि या चित्रपटाने शेवटी एक गोष्ट मोठ्या मार्मिकपणे केली आहे. अंतिम कुस्तीच्या वेळी बाप एका खोलीत कोंडला जातो. गीतेला त्याचा आवाज ऐकू येत नाही आणि स्वतःच्या बुद्धीने डाव टाकावा लागतो. गुरूचे खरे काम शिष्याला आपल्यावाचून उभे करणे हे आहे, ही जाण त्यात दिसते. मग पुढचा प्रश्न सहज सुचतो: गुरूवाचून उभी राहिलेली ही मुलगी उद्या काय करील? तिच्यापुढे कोण बसेल? चित्रपट येथे संपतो, आणि आमच्या मते आमच्या सर्वच क्रीडाकथा येथे संपतात.

दोनच उदाहरणांवरून आम्ही सरसकट बोलतो आहोत, असे कोणी म्हणू नये. ‘मेरी कोम’ (२०१४), ‘साला खडूस’ (२०१६), ‘साइना’ (२०२१), ‘घूमर’ (२०२३) या सर्वांत खेळणारी स्त्री आहे आणि घडविणारा पुरुष आहे. ‘साला खडूस’ची दिग्दर्शिका तर सुधा कोंगरा ही स्त्रीच आहे, तेव्हा हा केवळ पुरुष लेखकांचा पक्षपात नव्हे, सर्वांच्याच कल्पनेला पडलेले ते वळण आहे. ‘पंगा’ (२०२०) या चित्रपटात संसारातून पुन्हा कबड्डीकडे वळलेल्या नायिकेला तिची मैत्रीण तयार करते, हा एक सुखद अपवाद. पण ती मैत्रीण आहे, गुरुपदाचा दरारा तिला दिलेला नाही. परदेशी चित्रपटांतही फारसे वेगळे चित्र नाही. ‘मिलियन डॉलर बेबी’ (२००४) मधील मुष्टियोद्धा स्त्रीचा गुरू वृद्ध पुरुष आहे. ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ (२००२) मध्ये तर प्रशिक्षक आणि खेळाडू मुलगी यांच्यात प्रेमकथाच गुंफली आहे. उलट बाजूने, म्हणजे पुरुषांना शिकविणारी स्त्री, शोधू गेल्यास ‘वाइल्डकॅट्स’ (१९८६) आणि ‘एडी’ (१९९६) ही नावे हाती लागतात. आणि ती दोन्ही विनोदी चित्रे आहेत. स्त्रीने पुरुषांच्या संघास आज्ञा करावी, ही गोष्टच मुळी हसण्यासारखी मानलेली! राजपुत्र उत्तरालाही प्रथम असेच वाटले असावे.

आता कोणी म्हणेल की, कथाकारांनी जगात जे दिसते तेच रंगविले. स्त्रियांना हे काम तितकेसे साधत नसेल. या म्हणण्याची परीक्षा वस्तुस्थितीवरून करू. स्त्रियांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा १९९१ साली सुरू झाली. २०२३ पर्यंतच्या नऊ स्पर्धांपैकी पाच पुरुष प्रशिक्षकांच्या संघांनी जिंकल्या व चार स्त्री प्रशिक्षकांच्या संघांनी. त्यांत अमेरिकेच्या जिल एलिस यांनी २०१५ व २०१९ अशा लागोपाठ दोन जिंकल्या. मुळात स्त्री प्रशिक्षकांची संख्या थोडी, हे ध्यानी घेता हा हिशेब स्त्रियांच्या विरुद्ध जातो असे कोण म्हणेल? बालवयातील शिक्षणाकडे वळलो तर पुरावा अधिकच बोलका आहे. अमेरिकेच्या जिमी कॉनर्सला टेनिस शिकविले ते त्याच्या आईने व आजीने. सोळाव्या वर्षी, १९९७ मध्ये, ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकणाऱ्या मार्टिना हिंगिसची गुरू तिची आई. स्कॉटलंडचे अँडी आणि जेमी मरे हे बंधू ज्युडी मरे या आपल्या आईच्या हाताखाली तयार झाले. आपल्याकडे दिल्लीच्या सुनीता शर्मा यांनी मुलांना क्रिकेट शिकविले; त्यांचा शिष्य दीप दासगुप्ता २००१ साली भारताचा यष्टिरक्षक झाला आणि २००५ साली बाईंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. चेंडूला हात कोणाचा हे कळत नाही. पायाची ठेवण, मनगटाचे वळण, दमसासाचा हिशेब हे जाणणारा जाणतो आणि न जाणणारा जाणत नाही. कौशल्यापुरते पाहिले तर शिकविणाऱ्याच्या लिंगाचा काहीएक संबंध नाही, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

मग प्रश्न येथेच मिटला काय? नाही, कारण कौशल्याशी ज्याचा संबंध नाही, त्याचा नेमणुकीशी मात्र फार मोठा संबंध असल्याचे दिसते. अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाले. माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांच्या आतून तीस लाखांवर गेली. कायद्याचा हेतू सफल झाला, परंतु त्याबरोबर एक अनपेक्षित गोष्ट घडली. १९७२ पूर्वी महाविद्यालयांतील मुलींच्या संघांना शिकविणाऱ्यांत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक स्त्रिया असत. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ४३ वर आले. मुलांच्या संघांना शिकविणाऱ्या स्त्रिया मात्र शंभरांत चारही नव्हत्या. कारण शोधावयास लांब जावयास नको. जोवर मुलींचा संघ म्हणजे विनावेतन अथवा अल्प वेतनाची उस्तवार होती, तोवर ते काम स्त्रियांकडे होते. त्याला पगार, प्रवास आणि प्रतिष्ठा मिळताच पुरुष उमेदवार पुढे झाले, निवडणारेही बहुधा पुरुषच होते. पुरुषांना दोन्ही दारे उघडी, स्त्रियांना एकच, आणि तेही अर्धे! टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सर्व देशांच्या प्रशिक्षकांत स्त्रिया शंभरांत तेराच होत्या. खेळाडूंत मात्र त्या जवळजवळ निम्म्या होत्या.

म्हणून आमचे मत असे की, एका मुलाच्या वा एका मुलीच्या दृष्टीने प्रशिक्षक स्त्री की पुरुष हा प्रश्न गौण आहे. परंतु सर्व मैदानांचा एकत्र विचार केला तर तो मुळीच गौण नाही. एखाद्या मुलीस चांगला पुरुष गुरू लाभला तर ते तिचे भाग्य. पण तिने वयाच्या आठव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत मैदानावर आज्ञा करणारी एकही स्त्री पाहिली नाही, तर खेळ थांबताच आपला मैदानाशी संबंध संपला असे ती समजते. ओ. एम. नंबियार या गुरूने पी. टी. उषा घडविली व १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळविला. त्या उषेने २००२ साली केरळात कोयिलांडी येथे स्वतःची शाळा काढली आणि तेथून टिंटू लुका हिच्यासारखी आशियाई पदके मिळविणारी धावपटू निघाली. पुरुष गुरूची शिष्या स्वतः गुरू झाली, ही कथा ‘दंगल’ जेथे संपतो त्याच्या पुढची आहे. ती कोणी लिहीत नाही, याचेच आम्हांस नवल वाटते.

आता सुरक्षिततेचा प्रश्न. तो सोडून दिला तर आमचे वाचक आम्हांस क्षमा करणार नाहीत, आणि करूही नये. मुलींना स्त्रीच्याच हाती द्यावे म्हणजे चिंता मिटली, असे कित्येक आईबाप मानतात. त्यांची काळजी खरी आहे. उपाय मात्र अपुरा आहे. अमेरिकेतील जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टराने शेकडो मुलींवर अत्याचार केले, हे २०१६ नंतर उघडकीस आले. त्या राष्ट्रीय संघाची सूत्रे त्याआधी बरीच वर्षे एका स्त्रीच्या हाती होती. त्याच देशात २०१२ साली एका नामांकित विद्यापीठाच्या माजी फुटबॉल प्रशिक्षकास शिक्षा झाली ती लहान मुलग्यांवरील अत्याचारांबद्दल. मुलग्यांना भय नाही आणि स्त्री जवळ असली की मुलींना भय नाही, हे दोन्ही समज या प्रकरणांनी खोटे पाडले. विराट राजाने बृहन्नडेची परीक्षा एकदाच घेतली आणि तो निश्चिंत झाला. आम्हांस तसे होऊन चालणार नाही. एका मुलाबरोबर एकटा प्रौढ बंद दाराआड नसावा, प्रवासात दोन जबाबदार माणसे असावीत, आईबापांना सराव केव्हाही पाहता यावा, आणि तक्रार ऐकणारा माणूस प्रशिक्षकाच्या हाताखालचा नसावा, हे नियम गुरू स्त्री असो वा पुरुष, सारखेच पाळले पाहिजेत. बिंदियाला दूर सारणारा कबीर खान प्रत्येक मैदानावर भेटेल, या भरवशावर मुले सोपविता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र स्त्रियांच्या बाजूने मोकळेपणाने कबूल केली पाहिजे. मुलगी वयात येते तेव्हाच पुष्कळदा तिचा खेळ सुटतो. शरीरातील बदल, मासिक पाळी, कपड्यांचा संकोच, या गोष्टी तिला सरांपाशी बोलवत नाहीत; मग पोट दुखते असे सांगून ती दोन दिवस येत नाही, पुढे आठवडाभर येत नाही, शेवटी नाव कमी होते. जाणता पुरुष हे शिकू शकतो आणि त्याने शिकलेच पाहिजे. पण ज्या वर्गात एक तरी स्त्री शिकविणारी आहे, तेथे ही अवघड वाट सोपी होते. ज्या संस्थेत मुली आहेत तेथे शिकविणाऱ्यांत स्त्री असावी, असा आग्रह आईबापांनी अवश्य धरावा.

मुलग्यांचा विचार तर आपण करीतच नाही. आमच्या मते स्त्री प्रशिक्षकाची खरी गरज मुलग्यांनाच अधिक आहे. घरी आई जेवू घालते, वर्गात बाई शिकवितात, परंतु मैदान ही पुरुषांची जागा, असा धडा बारा वर्षांचा मुलगा कोणी न शिकविता शिकतो. त्याच मैदानावर एखाद्या बाईंनी त्याचा बचाव कसा चुकला ते दाखवून दिले, दहा फेऱ्या धावावयास लाविले आणि तिसऱ्या महिन्यात त्याचा खेळ सुधारला, तर ज्ञान असेल तेथे मान द्यावयाचा, ही गोष्ट तो आयुष्यभर विसरणार नाही. उत्तर जेव्हा बृहन्नडेच्या शब्दाने रथात परत चढला, तेव्हाच तो खरा राजपुत्र झाला, असे आम्ही मानतो.

उरला श्रेयाचा प्रश्न, विराटाच्या फाशाचा. २०१४ साली अँडी मरे याने अमेली मॉरेस्मो या माजी विंबल्डनविजेत्या स्त्रीस प्रशिक्षक नेमिले. त्या जोडीच्या काळात तो दोनदा ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गेला आणि मातीच्या मैदानावरील पहिली विजेतेपदे त्याने तेव्हाच मिळविली. तरीही त्याच्या प्रत्येक पराभवाचा जाब तिला विचारला जाई. पूर्वीच्या पुरुष प्रशिक्षकांच्या वेळी असे घडले नव्हते, हे त्याने स्वतःच जाहीरपणे लिहिले. आपल्याकडे भारतीय महिला हॉकी संघाच्या मुख्य प्रशिक्षक यानेके स्कॉपमन यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये पद सोडले. स्त्री म्हणून आपणांस योग्य मान मिळत नाही, असे त्या त्यापूर्वी वृत्तपत्रांशी बोलल्या होत्या. संघटनेने तो आरोप नाकारला. या वादाचा निवाडा आम्ही करू शकत नाही. परंतु ‘चक दे’च्या संघाला पडद्यावर जो मान मिळाला, तो खऱ्या संघाच्या स्त्री प्रशिक्षकालाही मिळावा, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार त्या चित्रपटावर टाळ्या वाजविणाऱ्या प्रत्येकास आहे.

महाराष्ट्रास तरी ही गोष्ट अवघड वाटू नये. पुण्यात १८४८ साली सावित्रीबाई फुले शिकवावयास निघाल्या, तेव्हा स्त्रीने शिक्षक व्हावे हाच अनाचार मानला गेला आणि त्यांच्या अंगावर शेणमाती पडली. पुढे त्याच समाजात ‘बाई’ हा शब्द शाळेतील शिक्षिकेचे आदराचे नाव होऊन बसला; प्राथमिक शाळेत बाई नसाव्यात, असे आज कोणाच्या स्वप्नातही येत नाही. वर्गाच्या चार भिंतींत हा पालट घडून आला. मैदानास भिंती नसतात, तरी तेथे ‘बाई’ हा शब्द अजून क्वचितच ऐकू येतो. आमच्या कथाकारांनी एखादी अशी कथा लिहावी की जिच्यात शिट्टी बाईंच्या हाती आहे, घाम मुलामुलींच्या अंगावर आहे, आणि यात काही विशेष आहे असे कथेतील कोणालाही वाटत नाही. ती लिहिली जाईपर्यंत आईबापांनी मैदानावर चौकशीस जावे तेव्हा न चाचरता विचारावे: “येथे शिकविणाऱ्या बाई कोणी आहेत का?” हाच प्रश्न मुलीसाठी विचारावा आणि मुलासाठीही.